काय-टू जागेनुसार बदलत असेल तर सॉलिटॉन टिकतो का? कोड चुकलाय की फिजिक्सच असं आहे?

टिटवाळा_स्लो · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, आधीच सांगते. एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, कलिनाला. प्रोजेक्ट मिळालाय क्वाड्रॅटिक सॉलिटॉनचा (सॉलिटॉन म्हणजे न पसरता जाणारा किरण), म्हणजे काय-टू वाल्या, प्रकाशाच्या वर्गाच्या प्रमाणात प्रतिसाद देणाऱ्या मटेरियलमधला सॉलिटॉन, आणि त्यातही काय-टू सगळीकडे सारखा नाही, आडव्या दिशेने जागेनुसार बदलतो. मधे जास्त, कडेला कमी होत होत शून्य.

पहिली अडचण समजण्याचीच आहे. केर सॉलिटॉन मला कळतो. प्रकाश जिथे तीव्र तिथे अपवर्तनांक वाढतो, म्हणजे किरण स्वतःसाठीच भिंग तयार करतो आणि पसरायचा थांबतो. पण काय-टू मध्ये अपवर्तनांक तीव्रतेने बदलतच नाही ना? तिथे तर १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घातला की ५३२ चा हिरवा निघतो, सेकंड हार्मोनिक, एवढंच आम्हाला शिकवलंय. मग किरणाला धरून ठेवतं कोण? आणि ऊर्जा सारखी एका रंगातून दुसऱ्यात आणि परत अशी ये-जा करत असेल तर त्याला स्थिर सॉलिटॉन कसं म्हणायचं?

दुसरी अडचण कोडची. स्प्लिट-स्टेप (किरणाचं पसरणं आणि नॉन-लिनिअर भाग आळीपाळीने चालवायची पद्धत) लिहिलाय पायथनमध्ये, यू म्हणजे मूळ तरंग आणि व्ही म्हणजे सेकंड हार्मोनिक. सुरुवातीला फक्त यू चा गाउसियन घालते, व्ही शून्य. काय-टू एकसारखा ठेवला तर काहीतरी सॉलिटॉनसारखं दिसतं पण ते श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि आकसतं, आणि बाजूला सगळा कचरा पसरतो जो थोड्या वेळाने परत मधे येऊन आदळतो. काय-टू बदलता ठेवला आणि किरण मधोमध न घालता जरा उजवीकडे घातला तर तो आपोआप मधे सरकतो, पलीकडे जातो, परत येतो. एकूण मोमेंटम अजिबात कॉन्स्टंट राहत नाही. वर एकूण पॉवर पण हळूहळू वाढतेय, जे तर नक्कीच चूक आहे. गाईडना शुक्रवारी दाखवायचंय. चूक नेमकी कुठे आहे ते कळत नाहीये, गाडीत उभ्याने विचार करून करून डोकं दुखलं.

---

शिवाजीपार्क_काका · मंगळवार, सकाळी ७:०५

बाळ, आधी समजण्याचं घेऊ, कोडचं दुसरे लोक माझ्यापेक्षा बरं सांगतील.

तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तो तुझ्या आधी खूप लोकांना पडलाय. काय-टू मध्ये अपवर्तनांक तीव्रतेने सरळ बदलत नाही हे खरं. पण विचार कर, मूळ तरंगातली थोडी ऊर्जा सेकंड हार्मोनिकमध्ये गेली, तिथे थोडं अंतर चालली आणि परत मूळ तरंगात आली. दोन्ही रंगांचा वेग क्रिस्टलमध्ये सारखा नसतो, म्हणून परत येणारी ऊर्जा जरा वेगळी फेज घेऊन येते. जिथे प्रकाश तीव्र तिथे ही ये-जा जास्त, म्हणून फेजचा फरकही जास्त. मूळ तरंगाच्या दृष्टीने बघितलं तर हे हुबेहूब केर इफेक्टसारखं दिसतं, तीव्रतेनुसार फेज. याला कॅस्केडिंग म्हणतात. तुझ्या समीकरणात मिसमॅच क्यू (दोन रंगांच्या वेगांतल्या फरकाचं माप) खूप मोठा आणि धन घे, मग दुसऱ्या समीकरणातून व्ही म्हणजे जवळजवळ काय-टू गुणिले यू-वर्ग भागिले दोन-क्यू निघतो, तो पहिल्यात टाक, समोर केरचं समीकरण उभं राहतं. स्वतः करून बघ, चार ओळी आहेत. आणि लक्ष दे, त्यात काय-टू चा वर्ग येतो. म्हणजे या मर्यादेत काय-टू ची खूण अधिक की उणे याने काहीच फरक पडत नाही. हे पुढे कामाला येईल.

पण मिसमॅच लहान असताना ही केरची नक्कल पुरत नाही, तिथे दोन्ही रंग बरोबरीचे भागीदार असतात. मला हे नेहमी फुगडीसारखं वाटतं. दोघी हात धरून मागे झुकतात, एकटी कुणी तशी झुकली तर पडेल, पण एकमेकींच्या ओढीवर दोघी उभ्या राहतात. मूळ तरंग एकटा सोडला तर पसरतो, हिरवा एकटा सोडला तर तोही पसरतो, एकत्र असले की एकमेकांना धरून राहतात. आणि ऊर्जेच्या ये-जा बद्दल तू विचारलंस, तर खऱ्या सॉलिटॉनमध्ये ती ये-जा थांबलेली असते. व्ही ची फेज यू च्या फेजच्या बरोबर दुप्पट, अशी दोन्हींची सांगड बसली की कुठल्याही बिंदूवर निव्वळ देवाणघेवाण शून्य होते. तू व्ही शून्य ठेवून सुरुवात करतेस म्हणजे एकीलाच मैदानात सोडून फुगडी घाल म्हणतेस. ती आधी जोडीदारीण तयार करते, त्यात धडपड होते, उरलेली ऊर्जा बाजूला सांडते, मग जे उरतं ते सॉलिटॉनच्या आसपास डोलत राहतं. हे डोलणं बराच काळ टिकतं, त्यात चूक काही नाही.

इतिहास थोडा सांगतो, आवडतो म्हणून. पाण्यातली एकटी लाट जॉन स्कॉट रसेलने १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या कालव्यात पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला. सॉलिटॉन हा शब्द झाबुस्की आणि क्रुस्कल यांचा, १९६५ चा. सेकंड हार्मोनिक पहिल्यांदा दिसलं १९६१ मध्ये मिशिगनला फ्रँकन आणि मंडळींना, रुबी लेझर क्वार्ट्झमध्ये घालून, ६९४ नॅनोमीटरमधून ३४७. त्या पेपरच्या छापलेल्या फोटोत हार्मोनिकचा ठिपकाच गायब आहे, धुळीचा डाग समजून छपाईत कुणीतरी पुसून टाकला. मग सत्तरीच्या दशकात कारामझिन आणि सुखोरुकोव यांनी कागदावर दाखवलं की दोन रंग एकमेकांना धरून सॉलिटॉन होऊ शकतो. आणि त्यानंतर तब्बल वीस वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. प्रयोगात तो दिसला १९९५ मध्ये, फ्लोरिडात, स्टेगमनच्या गटात, केटीपी क्रिस्टलमध्ये. तो पेपर आमच्याकडे आला तेव्हा मी तो दोनदा झेरॉक्स केला, एक घरी एक कपाटात. वीस वर्षं नुसतं समीकरणात असलेलं कुणीतरी काचेत डोळ्यांनी पाहिलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

---

घाटकोपर_ईस्ट · मंगळवार, दुपारी १:२०

काकांनी मस्त सांगितलंय, मी लंच मधे कोडचं बघते.

पॉवर वाढतेय म्हटलंस तिथेच मला संशय आला. तू केरचा जुना कोड उचलून त्यातच बदल केलेस का गं? कारण केरमध्ये नॉन-लिनिअर स्टेप म्हणजे यू ला नुसतं एका फेजने गुणायचं असतं, त्याने तीव्रता बदलत नाही म्हणून पॉवर आपोआप जपली जाते. इथे पहिल्या समीकरणात यू चा कॉन्जुगेट गुणिले व्ही आहे, ते यू ला फेजने गुणणं नाहीच, तिथे ऊर्जा खरोखर यू मधून व्ही मधे जाते. बरेच जण मग साधा ऑयलर लावून मोकळे होतात आणि ऑयलर प्रत्येक पावलाला पॉवर थोडी थोडी फुगवतो. डिफ्रॅक्शन, म्हणजे किरणाचं पसरणं, एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) ने कर, ते ठीकच आहे, पण नॉन-लिनिअर पावलात यू आणि व्ही दोन्ही एकत्र घेऊन आरके-४ (चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत) लाव.

आणि जपायचं काय ते नीट लिही. तुझी समीकरणं नेहमीच्या रूपात असतील (यू-झेड म्हणजे यू चा झेड दिशेचा डेरिव्हेटिव्ह, यू-एक्सएक्स म्हणजे एक्स दिशेचा दुसरा), म्हणजे पहिलं: आय यू-झेड अधिक अर्धा यू-एक्सएक्स अधिक काय-टू गुणिले यू-कॉन्जुगेट व्ही बरोबर शून्य, आणि दुसरं: दोन आय व्ही-झेड अधिक अर्धा व्ही-एक्सएक्स वजा क्यू व्ही अधिक अर्धा काय-टू गुणिले यू-वर्ग बरोबर शून्य, तर जपली जाणारी पॉवर म्हणजे यू-वर्ग अधिक चार व्ही-वर्ग याचं इंटिग्रल. चार विसरलीस तर कोड बरोबर असून चूक दिसेल. काय-टू जागेनुसार कसाही बदलू दे, ही पॉवर जपलीच पाहिजे.

मोमेंटमचं मात्र उलट आहे, ते जपलं न जाणं हीच बरोबर गोष्ट आहे! मोमेंटम कधी जपला जातो? सगळी जागा सारखी असते तेव्हा. तूच मधे जास्त कडेला कमी केलंस म्हणजे जागा सारखी राहिली नाही. सॉलिटॉनला जास्त काय-टू असलेल्या जागी ओढ लागते, कारण तेवढ्याच पॉवरमध्ये तिथे तो जास्त घट्ट बांधला जातो. तो मधे सरकतो, पलीकडे जातो, परत येतो, हे फिजिक्स आहे, बग नाही. हॅमिल्टोनियन (सगळ्याची मिळून ऊर्जा) मोज, काय-टू फक्त आडव्या एक्सवर अवलंबून असेल तर ते जपलं जाईल. किरण जातो त्या झेड दिशेने बदलत असेल तर तेही जपलं जाणार नाही.

बाजूचा कचरा परत येऊन आदळतो ते एफएफटी मुळे, एफएफटी तुझ्या डब्याला गोल करतो, उजवीकडून बाहेर पडलेलं डावीकडून आत येतं. कडेला शोषणारी पट्टी लाव, आणि मग एकूण पॉवर कमी व्हायला लागली तर घाबरू नकोस, ती पट्टीने खाल्लेली आहे. आधी पट्टीशिवाय पॉवर तपास, मग पट्टी लाव, याच क्रमाने.

आता खरी कसोटी. उत्तर आधीच माहीत असलेली केस चालवून बघितल्याशिवाय मी स्वतःच्या कोडवर विश्वास ठेवत नाही. काय-टू सगळीकडे १, क्यू = उणे ३ घे. मग के (झेड दिशेने सॉलिटॉनची फेज वाढण्याचा दर) = १ ला नेमकं उत्तर आहे, दोन्ही तरंग सेच-स्क्वेअर आकाराचे, रुंदीचा पॅरामीटर ०.७०७, यू ची उंची २.१२, व्ही ची १.५. हा घालून लांब चालव, आकार हलला नाही पाहिजे. हलला तर कोड चुकलाय. यात पॉवरचे दोन तृतीयांश व्ही मध्ये असतात आणि एक तृतीयांश यू मध्ये, तेही तपासता येतं.

---

पवई_तलाव · मंगळवार, रात्री १०:५५

मी लॅबवाला माणूस, पीएचडी चालू आहे पवईला, सॉलिटॉनवर नाही पण लिथियम नायोबेट हा काय-टू वाला क्रिस्टल रोज हाताळतो. म्हणून हे सगळं खऱ्या क्रिस्टलमध्ये कसं करतात ते सांगतो कारण प्रोजेक्टच्या वायव्हाला हे हमखास विचारतात की मॅडम हा काय-टू बदलायचा कसा, बटण असतं का त्याला.

दोन लोकल शेजारी शेजारी धावतायत समज, एक फास्ट एक स्लो, दारातल्या दोघांनी एकमेकांना जेवणाचा डबा द्यायचाय. दार समोर असेपर्यंत जमतं, मग एक गाडी पुढे सरकली की समोर दुसऱ्याच डब्याचं दार येतं. इन्फ्रारेड आणि हिरवा यांचं हेच होतं, आणि प्रकाशाच्या बाबतीत तर पुढे गेल्यावर दिलेलं परत घेतलं जातं. किती अंतरात हे उलटतं त्याला कोहरन्स लेंग्थ म्हणतात, काही मायक्रॉन असते. १९६२ मध्ये ब्लोमबर्गन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की दर कोहरन्स लेंग्थला क्रिस्टलची दिशाच उलटी करा, काय-टू ची खूण बदलते, परत जाणारं पुन्हा पुढे यायला लागतं. हे क्वासी फेज मॅचिंग. सुचवलं तेव्हा करता येत नव्हतं, विजेच्या दाबाने लिथियम नायोबेटची डोमेन हवी तशी उलटवणं जमलं १९९३ च्या सुमाराला. अर्ध्या मिलिमीटरच्या वेफरला दहा हजार व्होल्टच्या वर लागतात, कारण नेहमीच्या लिथियम नायोबेटला उलटायला मिलिमीटरमागे साधारण २१ हजार व्होल्ट लागतात. त्यासाठी वेफरवर इलेक्ट्रोड फोटोलिथोने काढायचे, जिथे इलेक्ट्रोड तिथे डोमेन उलटं. १०६४ ते ५३२ ला पिरियड सुमारे ७ मायक्रॉन, १५५० ते ७७५ ला सुमारे १९. पिरियड जितका लहान तितकं काम किचकट, उलटं झालेलं डोमेन बाजूला पसरून शेजाऱ्याला मिळतं आणि सगळा पॅटर्न जातो.

आता तुझ्या कामाची गोष्ट. एका पिरियडमध्ये अर्धा भाग सुलट अर्धा उलट असेल तर परिणामी काय-टू सर्वात मोठा, मूळच्या दोन भागिले π पट. हा वाटा अर्ध्यापेक्षा कमी-जास्त केला तर परिणामी काय-टू साइन च्या सूत्राने कमी होतो. म्हणजे मास्क काढतानाच मधोमध पन्नास टक्के आणि कडेला जाताना वीस, दहा असा वाटा ठेवला की जागेनुसार बदलणारा काय-टू तयार, गाउसियन हवा तर गाउसियन. आणि पॅटर्न किरण जातो त्या दिशेने अर्धा पिरियड सरकवला की खूणच उलटी. स्टॅनफर्डला फेजरच्या गटाने असे आडवे बदलणारे पॅटर्न नव्वदीच्या शेवटी करून दाखवलेत.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट ही की डोमेन उलटं केलं तरी साधा अपवर्तनांक बदलत नाही. म्हणजे तू जी वाट आखतेस ती नेहमीच्या वेव्हगाईडसारखी नाही. मंद प्रकाशाला ती दिसतच नाही, सेंटीमीटरभर क्रिस्टलमधून तो साध्या काचेतून जावा तसा पसरत जातो. तीव्र प्रकाश घातला की वाट प्रकट होते. आणि सॉलिटॉनला जोरात तिरका ढकलून काय-टू शून्य असलेल्या भागात पाठवलास तर तो तिथे जाऊन दुसरा सॉलिटॉन होत नाही, विरघळतो, कारण तिथे दोन रंगांना धरणारं काही नाहीच.

आकडे मनात असू देत: २० मायक्रॉन वेस्ट (किरण सर्वात अरुंद असतो तिथली त्रिज्या), १०६४, केटीपी चा अपवर्तनांक पावणेदोनच्या आसपास, म्हणजे रेले लेंग्थ (किरण ठळकपणे पसरायला लागतो ते अंतर) साधारण २ मिलिमीटर. एक सेंटीमीटरच्या क्रिस्टलमध्ये पाच रेले लेंग्थ. सॉलिटॉन नसता तर बाहेर पडेपर्यंत किरण पाचपट रुंद झाला असता. रुंदी होती तशीच बाहेर आली तर कळतं की काहीतरी धरून ठेवलंय. आणि १९ मायक्रॉनचा पिरियड या मिलिमीटरांच्या तुलनेत इतका बारीक आहे की सॉलिटॉनला एकेक डोमेन जाणवत नाही, सरासरी जाणवते, वर थोडी बारीक थरथर. मात्र क्लाउसेन, बँग आणि किवशार यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सरासरी काढताना समीकरणात केरसारखे नवे टर्म आपोआप येतात. तेही लक्षात ठेव.

---

टिटवाळा_स्लो · बुधवार, रात्री १२:३५

खूप खूप आभार सगळ्यांचे! ताई, हो, केरचाच कोड होता आणि व्ही साठी ऑयलर होता. आरके-४ लावला, पॉवर आता सहाव्या दशांशापर्यंत हलत नाही. सेच-स्क्वेअर वाला घातला, लांब चालवला, २.१२ आणि १.५ जसेच्या तसे, मी ग्राफ बंद पडला की काय म्हणून दोनदा बघितलं. दादा, दारातल्या डब्याचं उदाहरण आज ठाण्याला समोर बघितलं, फास्ट पुढे निघून गेली.

आता काका तुम्हाला विचारते. गाईड म्हणाले होते की काय-टू अगदी एका पातळ थरातच असेल, जवळजवळ डेल्टा फंक्शन, ती केस कर. मला भीती वाटते की सगळी नॉन-लिनिअॅरिटी एका बिंदूत कोंबली तर सगळं त्या बिंदूत कोसळणार नाही का? केर सॉलिटॉन दोन मितींमध्ये कोसळतो असं वाचलंय.

---

शिवाजीपार्क_काका · बुधवार, सकाळी ६:५०

हा प्रश्न मला फार आवडला, कारण केर आणि क्वाड्रॅटिक यांच्यातला खरा फरक इथेच उघडा पडतो.

हिशोब कर. किरणाची रुंदी एल, पॉवर ठरलेली. किरण जितका अरुंद तितकं डिफ्रॅक्शन जोरात, त्याची ऊर्जा एक भागिले एल-वर्ग अशी वाढते. समोर नॉन-लिनिअर ओढ. केरमध्ये ती तरंगाच्या चौथ्या घाताची, दोन मितींत तीही एक भागिले एल-वर्गच निघते. म्हणजे तुल्यबळ. पॉवर जरा जास्त की कोसळतो, जरा कमी की पसरतो, मधे बोटभर जागा नाही. क्वाड्रॅटिकमध्ये ओढ तिसऱ्या घाताची, यू यू व्ही. दोन मितींत ती एक भागिले एल एवढीच. किरण फार अरुंद व्हायला लागला की डिफ्रॅक्शन जिंकतं आणि त्याला आवरतं. म्हणून क्वाड्रॅटिक सॉलिटॉन दोन मितींत कोसळत नाही, तीन मितींतही नाही. १९९५ चा तो प्रयोग दोन मितींतला होता, जिथे साधा केर सॉलिटॉन टिकूच शकत नाही, म्हणून त्याचं एवढं महत्त्व.

आता तुझी एका मितीतली डेल्टा. एकाच बिंदूवर किंमत मोजायची म्हणून केरची ओढ होते एक भागिले एल-वर्ग. परत तुल्यबळ! म्हणजे एका मितीत बिंदूवर ठेवलेला केर हा दोन मितींतल्या केरसारखाच आजारी. सोडवून बघ, सॉलिटॉन मिळतो पण के काहीही घे, पॉवर नेहमी १ च येते. अशा सॉलिटॉनला धक्का लागला की संपलं. क्वाड्रॅटिकची ओढ एक भागिले एल चा दीड घात एवढी, डिफ्रॅक्शनपेक्षा कमी. म्हणून बिंदूत कोंबलं तरी तो उभा राहतो.

आणि हे पेन कागदावर पूर्ण सुटतं. बिंदूच्या बाहेर समीकरणं सरळ लिनिअर आहेत, म्हणून दोन्ही तरंग दोन्ही बाजूंना एक्स्पोनेन्शियल उतरतात, मधे तंबूच्या टोकासारखी टोकदार शिखरं. बिंदूवर डेरिव्हेटिव्ह किती उडी मारतो ते लिही, उंच्या मिळतात. क्यू शून्य असेल तर यू ची उंची व्ही च्या बरोब्बर दुप्पट, व्ही उतरतो दुप्पट वेगाने, आणि एकूण पॉवर के च्या वर्गमुळाच्या प्रमाणात. के वाढला की पॉवर वाढते, म्हणजे वखितोव आणि कोलोकोलोव यांची स्थिरतेची अट पाळली जाते. के अर्धा घेतलास तर आकडे फार गोड येतात. यू ची उंची २, व्ही ची १, पॉवर यू ची ४, व्ही ची चार धरून २, एकूण ६. काल रात्री परत काढून बघितले, झोप उशिरा लागली.

मालोमेड आणि एरी यांच्या मंडळींनी २०११ मध्ये असे पातळ थरांचे सॉलिटॉन तपशिलात मांडलेत. तुझे गाईड बहुतेक तिकडूनच आलेत.

---

घाटकोपर_ईस्ट · बुधवार, दुपारी १:४५

काका ६ चा आकडा भारी आहे, आता हीच दुसरी कसोटी. डेल्टा कोडमध्ये टाकता येत नाही, अरुंद गाउसियन घे ज्याचं क्षेत्रफळ १ राहील, आणि रुंदी व्ही च्या उतरण्याच्या अंतरापेक्षा, म्हणजे के अर्धा असताना ०.५ पेक्षा, बरीच लहान ठेव. टोकदार शिखराला एफएफटी कुरकुर करतो म्हणून ग्रिड बारीक कर, नाहीतर थर दोन-तीन बिंदूंत मावेल आणि मग जे दिसेल ते ग्रिडचं फिजिक्स असेल.

---

टिटवाळा_स्लो · गुरुवार, रात्री ११:१०

झालं! गाउसियन रुंदी आधी ०.१ घेतली, उंच्या २ आणि १ च्या जवळ पण जरा कमी, मग ०.०५, मग ०.०२, तसतशा जवळ जवळ जात राहिल्या. मुद्दाम दहा टक्के जास्त पॉवर घालून धक्का दिला, थोडं डोलला, थोडं बाहेर टाकलं, उभा राहिला. मग केरचा जुना कोड काढून त्यातही तोच पातळ थर ठेवला आणि पॉवर १ च्या जरा खाली घातली, तर पसरून गेला, जरा वर घातली तर शिखर चढत चढत थराच्या रुंदीएवढं बारीक होऊन तिथे अडकलं. दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी लावून शुक्रवारी दाखवणार आहे.

एक जास्तीचं करून बघितलं, दादांनी पॅटर्न अर्धा पिरियड सरकवला की खूण उलटी होते म्हणाले होते त्यावरून. डावीकडे काय-टू उणे, उजवीकडे अधिक. मला वाटलं मधल्या रेषेवर तुटेल. पण यू मध्ये एकच डोंगर राहिला, आणि व्ही मध्ये डावीकडे दरी उजवीकडे डोंगर, बरोबर मधल्या रेषेवर शून्य. काय-टू ची खूण बदलली तशी व्ही ने स्वतःची बदलून घेतली, त्यामुळे दोघांचा गुणाकार दोन्हीकडे अधिकच राहिला. काका तुम्ही म्हणाला होतात की मोठ्या मिसमॅचला खुणेने फरक पडत नाही, क्यू वाढवत नेला तसा व्ही चा तो मधला उतार अरुंद अरुंद होत गेला आणि यू ला रेष जाणवेनाशी झाली. क्यू लहान केला तर रेषेजवळ यू जरा चपटा होतो.

---

पवई_तलाव · गुरुवार, रात्री ११:४८

हा शेवटचा ग्राफ नक्की घेऊन जा. प्रयोगात करायला हा सोपा आहे, थर पातळ करण्यापेक्षा अर्धा पिरियड सरकवणं मास्कमध्ये सहज जमतं. बाहेर फिल्टर लावून ५३२ चाच फोटो घेतला तर दोन ठिपके आणि मधे काळी रेष, आणि १०६४ चा घेतला तर एकच ठिपका.

---

शिवाजीपार्क_काका · शुक्रवार, सकाळी ६:४०

काळी रेष छापताना कुणी डाग समजून पुसणार नाही तेवढं बघ. गाईड काय म्हणाले ते संध्याकाळी लिही.